चौथा रकाना

कोंडवाड्याच्या वहीत सात रकाने असतात.
तिसरा: जनावराचे वर्णन.
चौथा: मालकाचे नाव.
एकोणीस वर्षं मी तिसरा सावकाश भरतो,
शिंगं, शेपटी, कपाळावरचा चांद.
चौथ्याची मला कधीच घाई नसते.

शमिका पेपर घेऊन गडग्यावर बसली.
कुणी कारखानदार स्वतःला मॅव्हरिक म्हणवून घेत होता.
काका, म्हणजे काय ओ?
म्हटलं, आडनाव.

टेक्सासातला एक वकील.
कुणाचं कर्ज फिटेना, म्हणून पदरात गुरं पडली.
समुद्रात घुसलेल्या रेतीच्या पट्टीवर ती सोडून
हा आपला आपल्या कामात.
डाग द्यायचं राहून गेलं,
की ठेवलं, यावर अजून भांडतात म्हणे.
बिनडागाचं वासरू दिसलं की लोक म्हणायचे, मॅव्हरिकचं.
पुढे नुसतंच मॅव्हरिक.
'चं' गळून पडलं
सुकलेल्या नाळेसारखं.

राखणीला एक गुलाम कुटुंब होतं,
हे मी तिला शेवटी सांगितलं.
गुरांवर खूण नाही,
राखणाऱ्यांना मात्र मालक.
शमिकाने पेपरची घडी घातली.

वेंगुर्ल्याच्या वरच्या अंगाला, आमच्याकडे,
हा शब्द आधीपासून होता.
जयवंती खवणेकरीण. नवरा बोटीवर खलाशी.
पाटल्या, बोरमाळ, नथ, होते नव्हते ते डाग विकून
तिनं बांद्याच्या बाजारातून पाच गाई हाकत आणल्या.
भात कापून झालं की इथं ढोरं मोकाट सोडतात,
म्हणून प्रत्येकाची खूण:
कुणाचा कान कातरलेला,
कुणाच्या मांडीवर सळईचा चटका.
लोहार सळई तापवून आला
तर ही दारात आडवी:
"माजे सगळे डाग गेले तेवा ही ढोरां इली.
आता आनी डाग कसले देतंस त्येंका?"

कुणाचे वाल खाल्ले गेले की गाव म्हणे, खवणेकरणीची असतील.
मग नुसतं खवणेकरी.
वाण्याच्या दारात झोपणारं कुत्रं खवणेकरी.
वाऱ्यानं किनाऱ्याला लागलेली, नाव पुसलेली होडी खवणेकरी.
कुणी न लावलेला, पाणंदीतला रायवळ, तोही.
आणि शाळेच्या हजेरीत
बापाच्या नावाच्या जागी मास्तरांनी
आडवी रेघ ओढली, तो पोरगा.

तो मधल्या सुट्टीत तिच्याकडेच गेला, अर्थ विचारायला.
ती गोठ्यात शेण भरत होती.
"खवण्यासून इलंव म्हणान खवणेकर.
दुसरा काय तेच्यात?
आडनाव काय माजा? गावाचा.
होया तर घेवन जा."

त्या दिवशी मी तांब्याभर ताक घेऊन आलो.
आडनाव नेणं जमलं नाही.
हात भरलेले होते, असं मी स्वतःला
पुष्कळ वर्षं सांगितलं.

आता ढोरांच्या कानात पिवळा बिल्ला,
त्यावर बारा आकडे.
फोनवर मारले की मालक सापडतो,
गाव, वय, लस कधी टोचली तेसुद्धा.
परवा रात्री एक तांबडी आली, कान कोरे.
शमिका हसत म्हणाली, काका, मॅव्हरिक.
मी म्हटलं, खवणेकरी.
तिला तो शब्द ठाऊक नव्हता.

तिसरा रकाना भरून झाला:
तांबडी. उजवं शिंग आत वळलेलं.
अंदाजे चौथ्या वेताची. डाग नाही.
डाग नाही.
दोनदा लिहिलं गेलं, एक खोडलं.
चौथ्यावर पेन टेकवलं तर शाई उतरेना.

सकाळपासून ती गडग्यावरून मान काढून
खाडीच्या बाजूला बघत रवंथ करते आहे.
पाचव्या रकान्यात पेंढ्याचा खर्च लिहिला,
दोन दिवसांचा,
आणि पुढे माझं नाव.